मिसेस ऑगस्टिन यांची सही

मी इंग्लंडला एका सहीसाठी गेलो आणि सही न घेता परत आलो. ज्यांना तिकडचे राजवाडे, बागा आणि पुतळे यांची माहिती हवी असेल त्यांनी पुढे वाचू नये. मी त्यांतले फारसे काही पाहिले नाही. जे पाहिले ते लिहून ठेवणे मात्र आता मला टाळता येत नाही.

सहीचे कारण असे. वीस वर्षांपूर्वी मी एका इंग्रजी कादंबरीचे मराठीत रूपांतर केले होते. मूळ लेखिका व्हर्ना ऑगस्टिन. जन्म वेस्ट इंडीजमधल्या एका लहान बेटावरचा. तरुणपणी त्या बोटीने इंग्लंडला आल्या, मँचेस्टरच्या एका इस्पितळात तीस वर्षे नर्स होत्या आणि सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्यांनी ही एकच कादंबरी लिहिली. बेटावरची एक काळी मुलगी नर्स होण्यासाठी इंग्लंडला येते. तिला राहायला खोली मिळत नाही, वरच्या दर्जाचे शिक्षण मिळत नाही, आणि रुग्ण तिचा हात अंगाला लागू देत नाहीत. बाईंनी भोगले तेच त्यांनी लिहिले होते.

रूपांतर करताना मी बेटाचे कोकण केले आणि मँचेस्टरची मुंबई केली. तेव्हाची रीत तशी होती. परकी नावे आली की वाचक पुस्तक मिटतो असे प्रकाशक सांगत आणि आम्ही ते मानत असू. नायिकेचे नाव मी सुमन देसाई ठेवले. देसाई हे आडनाव विचार करून निवडले होते. ते अनेक जातींत आढळते. त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

आता एका महाविद्यालयाला ते पुस्तक अभ्यासाला लावायचे होते. पहिल्या आवृत्तीच्या वेळी बाईंची दोन ओळींची संमती टपालाने आली होती. नव्या प्रकाशकाला रीतसर सही केलेला कागद हवा होता. मी पत्र लिहिले. उत्तर दुसऱ्या कोणाच्या अक्षरात आले. 'मला तुमची भाषा येत नाही, आणि डोळे गेल्यामुळे आता माझीही वाचता येत नाही. तुम्ही येऊन तुमचे पुस्तक मला इंग्रजीत वाचून दाखवा. ऐकून सही करीन.'

माझी पुतणी शैला तीस वर्षे लंडनजवळ वेम्बलीला आहे. ती बरीच वर्षे बोलावत होती. माझे वय चौऱ्याहत्तर. पुढच्या वर्षावर काही टाकावे असे ते वय नाही. ऑक्टोबरात निघालो.

वेम्बली

शैलाच्या घरापासून ईलिंग रोड दहा मिनिटांवर आहे. तिथे तोंडली, कढीपत्ता, अळूची पाने आणि उदबत्त्या मिळतात. ही दुकाने पाहून आपली माणसे हरखतात असे ऐकले होते. मला थकवा आला. इतक्या लांब येऊन तोंडलीच पाहायची असतील तर तोंडल्यांनी तरी एवढा प्रवास का करावा, असे वाटले.

शैला तिथल्या कौन्सिलमध्ये घरवाटपाच्या खात्यात काम करते. तिचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांचा ओव्हरकोट तिने मला दिला. तो खांद्यांना मोठा होता आणि खिशात पेपरमिंटची अर्धी पुडी होती. मी ती तशीच राहू दिली.

रात्री जेवताना तिची मुलगी अनिता समोर बसली. ती तिकडेच जन्मलेली, बँकेत नोकरी करणारी. बोलण्यात धिटाई आहे आणि ती मला आवडली.

"आजोबा, तुमचा बुक मी वाचली नाही, सॉरी. मराठी वाचायला मला फार स्लो होतं."

"हरकत नाही."

"पण इंग्लिशवाली वाचली. स्कूलमध्ये होती. ती नर्स ब्लॅक आहे ना? मग तुमच्या बुकमध्ये ती कोण आहे?"

"कोकणातली गरीब मुलगी."

"पुअर? दॅट्स ऑल?"

"अनू, आधी जेव," शैला म्हणाली. "काकांना प्रवासाचा शीण आहे."

"मी जस्ट विचारते, मम्मी."

शीण होता हे खरे. मी गप्प बसलो त्याचे कारण तो नव्हता.

मँचेस्टर

कोचच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या बसच्या, प्रवासात लिहिण्यासारखे काही नाही. शैलाने चटणी लावलेली सँडविचेस दिली होती, ती मी वाटेत खाल्ली. "ट्रेननं गेला असतात तर कम्फर्टेबल झालं असतं, काका," असे ती निघेपर्यंत म्हणत होती. पाय सुजल्यावर तिचे म्हणणे मला पटले.

मँचेस्टर लाल विटांचे आणि ओले आहे. नुकत्याच ट्राम पुन्हा सुरू झाल्या होत्या आणि लोक त्यांच्याकडे थांबून पाहत होते. माझी उतरण्याची सोय एका विधवेच्या घरी केली होती. तिथे खोली आणि सकाळची न्याहारी मिळते. मी अंडे खात नाही हे ऐकून तिने मला भाजलेल्या पावावर गोडसर सॉसमधले घेवड्याचे दाणे वाढले आणि मला कसला आजार आहे अशी आस्थेने चौकशी केली. न्हाणीघरात ऊन पाण्याचा नळ एका टोकाला आणि गार पाण्याचा दुसऱ्या टोकाला असतो. मधल्या जागेत तोंड कसे धुवायचे हे या लोकांनी इतकी वर्षे का ठरवले नाही, मला समजले नाही. मी पहिल्या दिवशी बोटे भाजून घेतली.

इथल्या दुकानदार बायका गिऱ्हाइकाला 'लव्ह' म्हणतात. मलाही म्हटले. चौऱ्याहत्तर वर्षांत मला असे कोणी म्हटले नव्हते. पेन्सिल विकत घेऊन मी बाहेर पडलो.

सोमवार

मिसेस ऑगस्टिन शहराच्या दक्षिणेला, एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेत राहतात. दार त्यांच्या शेजारणीने उघडले. नाव पर्ल. त्याही त्याच बेटावरच्या, त्याच इस्पितळात कपडे धुण्याच्या खात्यात होत्या. मला आलेले पत्र त्यांच्या अक्षरात होते.

"व्हर्ना, आला बघ," त्या आत पाहून ओरडल्या. "तुझी पोर पळवून नेऊन भारतात तिचं लग्न लावणारा माणूस हाच का? दिसायला तर पाद्र्यासारखा आहे."

पुढची खोली पाहुण्यांसाठी राखलेली होती. काचेच्या कपाटात न वापरलेल्या कपबश्या, प्रत्येक वस्तूखाली विणलेला पांढरा रुमाल, सोफ्यावर प्लास्टिकचे आवरण. आपल्याकडे नव्या खुर्च्यांवरचा कागद वर्षानुवर्षे काढत नाहीत, त्याची आठवण झाली. मिसेस ऑगस्टिन शेगडीजवळ ताठ बसल्या होत्या. वय एकाहत्तर. केस पांढरे, हात मांडीवर एकावर एक ठेवलेले. डोळे माझ्या आवाजाच्या दिशेने वळले, पण किंचित चुकून.

"मिस्टर जोग, बसा. प्लास्टिक वाजेल. घाबरू नका."

मी बसलो. वाजले.

ठरले ते असे. रोज दुपारी दोन तास मी माझे मराठी पुस्तक समोर धरून तोंडी इंग्रजी करत जायचे. गावे आणि नावे बदलली आहेत हे त्यांना ठाऊक होते. त्यांना पुस्तकाच्या आतले ऐकायचे होते.

पहिले प्रकरण नीट गेले. समुद्र, नारळ, घर सोडताना आईने मुलीच्या केसांना लावलेले तेल. यात कोकण आणि बेट यांत फरक पडत नव्हता. दुसऱ्या प्रकरणात अडचण आली. मूळ पुस्तकात घरमालकीण दार उघडते, मुलीचा चेहरा पाहते आणि काही न बोलता दार लावते. माझ्या पुस्तकात सुमनला कोणी जामीन राहत नाही, म्हणून तिला खोली मिळत नाही.

मूळ पुस्तक मला जवळजवळ पाठ होते. मी माझे पान समोर धरले आणि त्यांचे दार लावले.

बाईंनी मान हलवली. "बरं वाचता," त्या म्हणाल्या.

हे अनवधानाने झाले असे मला लिहिता येईल. तसे नव्हते. मला सही हवी होती.

वाचन संपल्यावर पर्लनी जेवायला वाढले. नारळाच्या दुधात शिजवलेला, लाल घेवड्याचे दाणे घातलेला भात, आणि पिकल्या केळ्यांचे तळलेले काप. आमच्याकडे राजेळी केळ्यांचे असेच काप तुपात परततात. खारवलेला मासाही होता. तो मी नको म्हटला.

"मासा खात नाही?" पर्ल म्हणाल्या. "मग पाच हजार लोकांना भाकरी आणि मासे वाढणाऱ्या आमच्या प्रभूनं तुम्हाला काय वाढलं असतं?"

"भाकरी," मी म्हटले.

मिसेस ऑगस्टिन हसल्या. त्या दिवशी तेवढेच एकदा.

मंगळवार

चौथ्या प्रकरणात मेट्रन मुलीपुढे एक कागद सरकवते. मुलगी सही करते. पुढे तिला कळते की तो दोन वर्षांच्या कमी दर्जाच्या शिक्षणाचा कागद होता आणि त्यावर आयुष्यभर वरची जागा मिळत नाही. तिच्या बरोबरीच्या गोऱ्या मुलींपुढे दुसरा कागद ठेवलेला होता. माझ्या रूपांतरात सुमन घरची ओढ म्हणून स्वतःच लहान अभ्यासक्रम निवडते. मी ते पान उघडून धरले आणि मूळचे म्हणत गेलो.

बाईंनी हात वर केला.

"थांबा. ते शेवटचं वाक्य पुन्हा म्हणा."

मी म्हटले.

"हे वाक्य मी सात वेळा लिहिलं होतं, मिस्टर जोग. सातव्यांदा जमलं. ते तुमच्या भाषेत जाऊन जसंच्या तसं परत आलं. शब्दाला शब्द."

मी पुस्तकात बोट घालून ते मिटले.

"एकदा मी बहिणीला पत्रातून सूप करायची रीत कळवली. तीच रीत, तेच मीठ. पण तिच्या हातचं निराळं लागलं. तुमचं मात्र अगदी माझ्यासारखंच लागतंय. म्हणजे तुम्ही माझ्याच भांड्यातलं वाढताय."

आतून पर्लचे हसणे ऐकू आले.

"आणि दुसरं," बाई म्हणाल्या. "काल दुसऱ्या प्रकरणापासून पान उलटल्याचा आवाज बंद झाला. आज अजून आलेला नाही. माझे डोळे गेलेत. बाकी सगळं जागच्या जागी आहे."

चौथीतल्या मुलाने चोरून पाहिलेले उत्तर मास्तरांनी पकडावे, तसे झाले. मी चौतीस वर्षे मास्तरकी केली. पकडणारा मी असे.

"उद्या तुमचं वाचा," त्या म्हणाल्या. "वाईट असलं तरी तुमचंच."

परतताना मी चुकीच्या बसमध्ये बसलो. उतरलो तिथे एक बंद गिरणी आणि एक तळलेल्या माशांचे दुकान होते. पावसात पाऊण तास चाललो. ओव्हरकोट भिजून इतका जड झाला की दुसरे कोणी तरी खांद्यांवर बसले आहे असे वाटत होते. रस्ता विचारला तर बाईने 'लव्ह' म्हणूनच सांगितला.

बुधवार

या दिवशी मी खरे वाचले. आधी मागे जाऊन जामिनाचा प्रसंग वाचला, मग लहान अभ्यासक्रमाचा. बाई ऐकत राहिल्या. मांडीवरचे हात हलले नाहीत. पर्ल दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

"म्हणजे तिला कोणी काही केलंच नाही," पर्ल म्हणाल्या. "बिचारीचं नशीबच वाईट."

"वाचू दे," बाई म्हणाल्या.

सातवे प्रकरण आले. मूळ पुस्तकाचे सारे वजन त्या प्रकरणावर आहे. नर्स पाण्याचे भांडे घेऊन एका म्हाताऱ्या रुग्णाचे अंग पुसायला जाते. तो तिचा हात झटकतो आणि काळ्या हातांनी मला शिवू नकोस, दुसरीला पाठव, असे म्हणतो. ती भांडे धरून उभी राहते. पाणी गार होईपर्यंत.

मी माझे पान वाचले. म्हातारा सुमनला म्हणतो, 'पोरी, तुझे हात फार गार आहेत. दुसरीला पाठव.'

मिसेस ऑगस्टिन यांनी मान वर केली.

"गार?"

"होय."

"त्या वॉर्डात सगळ्यांत ऊन हात माझे होते. हिवाळ्यात बाकीच्या पोरी धावत येऊन माझे हात धरायच्या. तो म्हातारा रोज ते वाक्य म्हणायचा. सहा आठवडे. रोजचं रोज लिहिलं तर वाचणारा कंटाळतो, म्हणून मी एकदाच लिहिलं." त्या थांबल्या. "खोलीचं मी समजू शकते. कागदाचंही. तुम्हाला कोणाला दुखवायचं नव्हतं. पण हे गार हात तुम्ही आणलेत कुठून? हे कोणी बसून रचत नाही. माझ्या पुस्तकात ते नाहीत."

मी म्हटले, "नाहीत."

"मग?"

त्या खोलीत मी जे सांगितले ते याआधी कोणाला सांगितले नव्हते. ते इथे थोडक्यात लिहितो.

माझे वडील शेवटच्या आजारात आमच्या गावच्या इस्पितळात होते. मी बेचाळीस वर्षांचा होतो. अंग पुसायला एक तरुण नर्स आली. वडिलांनी तिचे आडनाव विचारले. तिने कांबळे असे सांगितले. वडिलांनी तोंड भिंतीकडे केले. ते बोलले काहीच नाहीत. जन्मभर समतेवर व्याख्याने देणारा मी, त्या नर्सच्या देखत मेट्रनकडे गेलो आणि म्हणालो, 'या सिस्टरचे हात फार गार आहेत. वडिलांना सोसत नाही. दुसऱ्या कोणाला पाठवा.' मेट्रनने माझ्याकडे पाहिले आणि माणूस बदलला.

"तेवढंच?" बाईंनी विचारले.

"नाही."

दुसऱ्या दिवशी मी वॉर्डाच्या टोकाला सिस्टर कांबळे यांना पाहिले. त्या ऊन पाण्याच्या भांड्यात दोन्ही हात बुडवून उभ्या होत्या. मग हात पुसून दुसऱ्या एका रुग्णाकडे गेल्या. पुढचे नऊ दिवस, वडील जाईपर्यंत, प्रत्येक रुग्णाकडे जाण्याआधी त्या असेच करत होत्या. माझे म्हणणे त्यांनी खरे मानले होते की काय, हे मला कधी कळले नाही. मी विचारले नाही.

"खरं नव्हतं मानलं," मिसेस ऑगस्टिन म्हणाल्या. "आम्ही कोणी मानत नाही. पण हात ऊन करतो."

पर्ल आत गेल्या. किटली ठेवल्याचा आवाज आला. चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांनी माझा कप माझ्यासमोर ठेवला, आणि त्या दिवशी मला काही टोमणा मारला नाही. टोमणा बरा वाटला असता.

गुरुवार

सहीचा कागद मी सोबत नेला होता. बाईंनी तो हातात घेतला, बोटांनी त्याच्या कडा चाचपल्या आणि मला परत दिला.

"यावर सही करणार नाही," त्या म्हणाल्या. "वीस वर्षांपूर्वी केली होती. तेव्हा ऐकलं नव्हतं."

मी कागद घडी करून खिशात ठेवला. पेपरमिंटच्या पुडीशेजारी.

"तुमच्या मुलीचं आडनाव काय ठेवलंत?"

"देसाई."

"त्यावरून काय कळतं?"

"काहीच नाही. म्हणून ठेवले."

"तिला दुसरं द्या. तुम्हाला ठाऊक आहे कुठलं. आणि मग पहिल्यापासून लिहा. दार, कागद, सगळं. तुमच्या देशात ते दार कोण लावतो, ते लिहा. गाव तुमचंच राहू दे, मला माझं बेट नको आहे. मला माझी मुलगी हवी आहे. ते पुस्तक मला ऐकवा. मग सही."

"प्रकाशक ते छापणार नाही. महाविद्यालयही लावणार नाही."

"मग माझी सही तरी कोणाला हवी आहे?"

"मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे, मिसेस ऑगस्टिन."

"बसून करायचं काम आहे," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं मी उभं राहून केलं."

"पुन्हा इथे येणे मला जमणार नाही."

"पानं इंग्रजीत करून टपालानं पाठवा. पर्ल वाचेल."

"वाचीन," पर्ल म्हणाल्या. "माझ्या वाचण्यात पान उलटल्याचा आवाज येतो."

निघताना मिसेस ऑगस्टिन यांनी हात पुढे केला. मी धरला. याविषयी अधिक लिहीत नाही.

पुन्हा वेम्बली

विमानाला तीन दिवस होते. शैलाने मला थेम्स नदी दाखवली, नदी रुंद आहे. एका देवळात नेले, देऊळ स्वच्छ आहे. सही मिळाली नाही एवढेच मी तिला सांगितले होते. तिने कारण विचारले नाही.

शेवटच्या दिवशी ती माझी बॅग भरत होती आणि मी खुर्चीत बसलो होतो. मी विचारले, "आजोबांच्या आजारपणात इस्पितळात एक सिस्टर होत्या. तुला आठवत असतील असे नाही."

"कांबळे सिस्टर," ती म्हणाली. तिने वर पाहिले नाही. ती तेव्हा वीस वर्षांची होती आणि रोज डबा घेऊन येत असे. "तुम्ही मेट्रनना सांगितलं होतंत, हात गार आहेत म्हणून."

"तुला माहीत होते?"

"सगळ्यांना माहीत होतं, काका. आईला, बाबांना. आम्ही घरी त्यावर कधी बोललो नाही." तिने स्वेटरची घडी केली, मोडली आणि पुन्हा केली. "एकदा मला तिथं चक्कर आली होती. त्यांनीच मला बाकावर निजवलं, कपाळावर हात ठेवला. हात काही गार नव्हते."

"तू मला कधी बोलली नाहीस."

"तुम्हाला कोण बोलणार? तुम्ही आमचे मास्तर होतात."

अनिता ऑफिसातून आली आणि म्हणाली, "आजोबा, साइन मिळाली?"

"नाही."

"ओह नो. मग आता?"

"मग पुन्हा लिहायचे," मी म्हटले. "तू विचारलेला प्रश्न योग्य होता."

"कुठला प्रश्न?" तिला आठवत नव्हता.

घरी

येऊन सात महिने झाले. प्रकाशकाला मी कळवले की जुने रूपांतर मी मागे घेत आहे. त्यांनी खेद व्यक्त केला आणि दुसऱ्या कोणाचे पुस्तक लावून घेतले. पुस्तक मागे घेतले म्हणून या लेखात मी त्याचे नाव दिलेले नाही. ते कोणी शोधू नये.

गावच्या इस्पितळात जाऊन आलो. सिस्टर कांबळे निवृत्त होऊन मुलाकडे गेल्या, कोणत्या गावी ते तिथल्या कारकुनाला सांगता आले नाही. मी बाकावर थोडा वेळ बसलो आणि परत आलो.

काम सावकाश चालते. सकाळी दोन तास लिहितो. त्यापुढे हात चालत नाही. सहा प्रकरणे झाली. प्रत्येक प्रकरणाचे इंग्रजी करून मँचेस्टरला पाठवले. पर्लची उत्तरे येतात. 'व्हर्ना म्हणते, दार ठीक लागले.' 'व्हर्ना म्हणते, मेट्रन अजून फार सभ्य आहे.' मेट्रन मी पुन्हा लिहिली.

सातव्या प्रकरणावर सहा आठवडे गेले. सुमन कांबळे ऊन पाण्याचे भांडे घेऊन खाटेजवळ जाते. म्हातारा आडनाव विचारतो आणि भिंतीकडे तोंड करतो. इथपर्यंत लिहून मी अडलो. मूळ पुस्तकात खाटेजवळ तिसरे कोणी नाही. दुसऱ्याच्या पुस्तकात माणूस घालण्याचा मला अधिकार नव्हता. काढण्याचाही नव्हता, पण तो मी एकदा गाजवला होता. म्हणून मिसेस ऑगस्टिन यांना पत्र लिहिले. खाटेजवळ म्हाताऱ्याचा मुलगा उभा करावा असे मला वाटते, वय बेचाळीस, शिकलेला, तो मेट्रनकडे जाऊन सांगतो की या सिस्टरचे हात फार गार आहेत. आपली परवानगी असावी.

उत्तर परवा आले. पर्लच्या अक्षरात दोन ओळी, आणि खाली, न दिसता केल्यामुळे रेघेवरून उतरत गेलेली, मिसेस ऑगस्टिन यांची सही.

'त्याला आत घ्या. तो तिथे होताच.'